शेठच्या वाट्याचे चणे

माझा पेला वेगळा ठेवला गेला, तेव्हाच मला कळलं. डॉक्टरांनी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. सासूबाईंनी फडताळातून माझा पितळी पेला काढला, त्याला तांबडा दोरा बांधला आणि मोरीशेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. तोंडानं एक अक्षर बोलल्या नाहीत. दोन महिने मी खोकत होते, संध्याकाळी अंग कढत व्हायचं, आणि त्या दिवशी पदराला एक लाल रेघ लागली होती. ती त्यांनी माझ्याआधी पाहिली.

ज्यांच्या घरात आज असा एखादा पेला वेगळा निघाला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी बरी झाले, त्याला आता तीन वर्षं होतील. पेला वेगळा ठेवा, ते बरोबरच आहे. फक्त ठेवताना माणसाशी दोन शब्द बोला.

अंधेरीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "टी.बी. आहे. घाबरू नका, आता इंजेक्शनं निघाली आहेत." मी पहिलंच वाक्य ऐकलं. यांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "दिवस नाही, महिने." परत येताना हे माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, झालं, सुरू झालं. पण इराण्यापाशी थांबले आणि म्हणाले, "चहा घेऊ या." माझ्या बशीत दोन घोट उरले होते, ते त्यांनी उचलून पिऊन टाकले. तो निव्वळ मूर्खपणा होता, तुम्ही कुणी करू नका. पण त्या दोन घोटांवर मी पुढचे दहा महिने काढले.

आता मी कोण ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

अंधेरी पूर्वेला विठ्ठलशेठचा अंगाला लावायच्या पावडरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. तिथे चाळीस बायका पावडर डब्यांत भरायच्या आणि मी त्यांच्यावर देखरेख करायची. शेठ आमच्याच तालुक्यातले. यांची नोकरी गेली होती तेव्हा त्यांनी मला कामाला घेतलं, म्हणून माझ्या लेखी ते देवमाणूस. पावडर हलकी, वाऱ्यानं उडायची. म्हणून शेठनं खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या. कुणी उघडू नये म्हणून कड्या सुतळीनं बांधून टाकायची युक्ती मात्र माझी. शेठनं माझी पाठ थोपटली होती. बायका डोळ्यांपर्यंत फडकी बांधून बसायच्या आणि तासाभरात भुतासारख्या पांढऱ्या व्हायच्या. कोण कुठली ते ओळखू यायचं नाही. मी टेबलाच्या आकड्यानं हाक मारायची, "ए सात नंबर, हात चालव!" माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या शेडमध्ये ऐकू जायचा. माझं स्वतःचं स्टूल दारात होतं. दार उघडं असायचं.

फोटोची गोष्ट कळल्यावर शेठनी निरोप पाठवला : बरं होईपर्यंत येऊ नका. चार वर्षं राबले त्याचं हे फळ! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इस्पितळात गेले ती शेठला शिव्या घालतच.

इस्पितळ उपनगरातच होतं, टेकडीच्या पायथ्याशी, ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेलं. पहिल्या दिवशी मी खाटेवर बसून वॉर्ड बघितला आणि मला चमत्कारिक वाटलं. तिथल्या खिडक्यांना दारंच नव्हती. नुसत्या मोठमोठ्या चौकटी, आणि वारा आरपार. मी सिस्टरला विचारलं, "थंडीत काय करता?" ती म्हणाली, "आणखी एक कांबळं देतो. इथे हवा हेच पहिलं औषध." मी मान डोलावली. तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. माणसाला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसायला फार वेळ लागतो.

दिवस ठरलेले. पहाटे थर्मामीटर, मग सुई, मग पुड्या. त्या पुड्यांची चव दोन तास जिभेवरून जायची नाही. दुपारी दोन ते चार नुसतं पडायचं. बोलायचं नाही, शिवायचं नाही, वाचायचंही नाही. सोमवारी वजन. अर्धा शेर वाढलं की बायका लग्न ठरल्यासारख्या खूश. झाकणाची थुंकपात्रं प्रत्येकीच्या उशाशी. पहिले आठ दिवस मी त्याच्याकडे बघत नव्हते, नंतर सवयीनं त्यावर हात ठेवून झोपायला लागले. भीतीचं असंच आहे, जवळ ठेवली की तिची सवय होते.

शेजारच्या खाटेवर मारीबाय होती. अंधेरीच्याच गुंदवली गावठाणातली, पस्तिशीची, काळीसावळी, हाडांचा सापळा. आमच्या मुंबईचे हे मूळचे ख्रिस्ती. बोलणं मराठी, नेसणं लुगडं, आणि गावाच्या मध्यावर देवळाच्या जागी क्रूस. ती माझ्याआधी वर्षभर तिथे होती. मी आले तेव्हा तिनं माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं, मग म्हणाली, "ताई, ती उशी दोन्ही बाजूंनी बडव. ढेकूण हायत." आमची ओळख झाली ती अशी.

रविवारी संध्याकाळी तिची जाऊ रोझी भेटायला यायची. येताना पितळी डब्यात मीठ घालून उकडलेले चणे आणायची. त्यांच्या गावात मे महिन्यात क्रूसापाशी सगळे जमून माळेची प्रार्थना म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. तिथे जो उभा असेल त्याला मूठभर मिळतात, तू कोण, कुठला, विचारायचं नाही. मारीबायनं ती रीत वॉर्डात आणली होती. चार-पाच ख्रिस्ती बायका खाटेवर बसूनच प्रार्थना म्हणायच्या, मग रोझी चमच्यानं कागदाच्या पुड्या भरायची. प्रार्थनेत आजाऱ्यांसाठी मागणं, घरच्यांसाठी मागणं, इथवर ठीक होतं. शेवटी मारीबाय म्हणायची, "ज्यानं माझ्याकडून काम करून घेतलं आणि माझा खोकला ऐकला नाय, त्याच्यासाठी. त्याला खोकला नको देऊ, पण खोकला ऐकायला कान दे. आणि जिनं मना कामावरून घालवलं तिच्यासाठी."

या दोघांच्या नावानं दोन पुड्या वेगळ्या निघायच्या. एक खिडकीच्या चौकटीवर कावळ्यांना. दुसरी रोझी माझ्या हातात आणून द्यायची. मी ख्रिस्ती नाही, प्रार्थनेत बसत नाही, तरी मला मिळतात याचा मला मोठा आनंद. शेजारधर्म आहे, म्हटलं.

एकदा मी तिला डिवचलं. "मारीबाय, तुझा मालक येणार आहे का गं चणे खायला?"

"नाय आला तर कावळा खातो. पन वाटा काढायला लागतो."

"अगं, त्यानं तुझी ही दशा केली आणि तू त्याच्यासाठी हात जोडतेस? मी असते तर बोटं मोडली असती."

"मोडली ना. सहा महिने मोडली. माझंच वजन उतरलं." ती हसली, मग खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "येशूला ज्यांनी खिळे मारले, त्यांच्यासाठी त्यानं बापाकडे मागितलं. खिळे मारणाऱ्याला ठावंच नसतं गो, आपून काय करतो ते. ज्याला दुखतं तो तरी ओरडतो. ज्याला दुखतच नाय, त्याची मना जास्त काळजी वाटते."

"आणि ती बाई? बाई असून बाईच्या पोटावर पाय देते! अशीला चौकात उभी करायला हवी."

मारीबाय माझ्याकडे बघत राहिली. "तिला लेकरू असेल," एवढंच म्हणाली आणि कुशीवर वळली.

मला लेकरू होतं. कुंदा, सहा वर्षांची. मुलांना वॉर्डात सोडत नसत. हे तिला आवाराच्या भिंतीबाहेर कट्ट्यावर उभी करायचे आणि मी वरांड्यातून हात हलवायची. पहिल्या महिन्यात ती रडायची. चौथ्या महिन्यात ती माझ्याकडे कमी आणि रस्त्यावरच्या घोडागाडीकडे जास्त बघायला लागली. ते पाहून मी जेवढी रडले तेवढी फोटो पाहूनही रडले नव्हते. घरी सासूबाई आणि हे यांची धुसफूस चालली होती. तिला माहेरी पाठव, पोरीला जपायला हवं, हे मला यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. एका रविवारी यांच्या हातात मोसंब्यांची करंडी होती. "विठ्ठलशेठनी पाठवली," म्हणाले. मी ती करंडी लाथेनं खाटेखाली सारली. मोसंबी मारीबायनं काढली, सोलली आणि सगळ्या वॉर्डाला वाटली. "फळाचा काय गुन्हा?" म्हणाली.

सहाव्या महिन्यात माझा दुसरा फोटो काढला. सगळ्यांना वाटत होतं मी सुधारलेय. डॉक्टर म्हणाले, उजवीकडे अजून आहे, आणखी चार महिने तरी. मी खाटेवर येऊन बसले आणि माझा तोल गेला. चार महिने! तोवर कुंदा मला आई म्हणणार होती की बाहेरची कुणी?

मी मारीबायपुढे सगळं ओकले. शेड, पत्रा, पावडर, बंद खिडक्या, विठ्ठलशेठ. "माझं वाटोळं त्या माणसानं केलं. डॉक्टरच म्हणाले, बंद खोलीत एक खोकणारी असली की पुरे. त्याच्या पावडरीसाठी मी आतून कुजले. त्याचं वंशात कुणी उरू नये!"

मारीबाय उठून बसली. तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात नेहमी कढत असायचा.

"ताई, मी त्याच शेडमधली. चार नंबर टेबल."

मला आधी कळलंच नाही.

"मी तुला पयल्याच दिवशी वळखलं. मी फडकं बांधून असायची, तुला मी कशी दिसनार? तू तर दारात बसायचीस. मी एकदा सुतळी तोडून खिडकी उघडली, आठवतं? तू दुसरी बांधलीस आणि मना कोपऱ्यात बसवलंस. मंग मी जास्त खोकायला लागली, तवा तू शेठला जाऊन बोललीस, चार नंबर डब्यांवर खोकते, हिला काढा."

आठवत होतं. दुर्दैवानं शब्दन् शब्द आठवत होता. तिचा चेहरा तेवढा आठवत नव्हता, कारण तो मी कधी पाहिलाच नव्हता.

"मंग तुला बोलायचं एक राहून गेलंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल, आणि मला ते हवं होतं. ती म्हणाली, "त्या बंद शेडमधे खोकणारी ती मीच होती ना. माझंच दुखनं तुला लागलं असेल. तुझ्या पोरीला मी आईपासून तोडली. मना माफ कर, ताई."

मी आयुष्यात खूप लोकांना बोलताना ऐकलंय. देवळात कीर्तनं ऐकलीत, सभा ऐकल्यात. पण यापेक्षा मोठं काही ऐकलेलं नाही. मी सुतळी बांधली, मी तिला घालवलं, आणि ती माझी माफी मागत होती. मला तिचे पाय धरायचे होते. पण मी तोंडावर चादर ओढून घेतली.

पुढच्या रविवारी रोझी पुडी घेऊन आली तेव्हा मी हात मागे घेतला. ती कुणाच्या वाट्याची, ते आता मला कळलं होतं. सहा महिने दर रविवारी माझ्या नावानं मागणं व्हायचं आणि माझा वाटा माझ्याच हातात यायचा, आणि मी तो शेजारधर्म म्हणून खात होते.

मारीबाय पलीकडून ओरडली, "घे गो! चणे थंड झाले की वातड होतात."

मी घेतले. खारट लागले. मीठ रोझीचं जास्त झालं होतं की माझंच होतं, ते देव जाणे.

त्यानंतर मी तिला विचारलं, की मी काय करू? मी तुझ्यासारखी प्रार्थना शिकू? ती म्हणाली, "शीक, नको कोन बोलतो? पन प्रार्थना करून खिडकी उघडत नाय. ती उठून उघडावी लागते. मी गेलीसुद्धा होती उघडायला." ती माझ्यावर हसत होती. त्या हसण्यात एक कण विष नव्हतं. मी खूप शोधलं.

दहाव्या महिन्यात मला सोडलं. मारीबाय त्याच्या आधी पंधरा दिवस घरी गेली, एका फुप्फुसावर आणि अफाट हिमतीवर. घरी सासूबाईंनी माझ्या पेल्याचा दोरा माझ्यासमोर कात्रीनं कापला. त्याही रडल्या. कुंदानं तीन दिवस मला "ए" म्हणून हाक मारली, चौथ्या दिवशी "आई".

दोन महिन्यांनी शेठचा निरोप आला : परत या, तुमच्यासारखा वचक कुणाचा नाही. घरात माझ्या पगाराची गरज होती. मी गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं तर सगळं तसंच, पांढरं. कोपऱ्यात कुणीतरी खोकत होतं. मी कनवटीची कात्री काढली आणि दारापासून सुरुवात करून एकेक सुतळी कापत गेले. सहाच्या सहा खिडक्या उघडल्या. पावडरीचा लोट उठला, बायका हात थांबवून बघत राहिल्या.

शेठ धावत आले. "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? माल उडतोय!"

"उडू दे," मी म्हटलं. "शेठ, या पावडरीपायी माझ्या उजव्या फुप्फुसाचा भाग गेलाय. चार नंबरचं डावं अख्खं गेलं. आता कोपऱ्यात कोण खोकतंय, तिचं नाव तरी माहीत आहे तुम्हाला? मलाही नाही."

शेठ रागीट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आजारानं तुम्ही हळव्या झालात. उद्यापासून येऊ नका." मी रस्त्यावर येईपर्यंत आतून खिडक्या लागल्याचे आवाज आले. मी सहा मोजले.

घरी येऊन मी पुन्हा बोटं मोडली, खोटं कशाला सांगू? नोकरी गेली, वर खिडक्याही बंदच. तेल गेलं, तूपही गेलं. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं केलंस." शेठवर माझा राग मात्र पहिल्यापेक्षा दुप्पट झाला, कारण आता सगळं कळल्यावर मी त्याच्याकडे गेले होते आणि त्यानं न ऐकता मला घालवलं होतं.

तो मे महिना होता. रविवारी मारीबायचा निरोप आला, क्रूसापाशी ये. मी कुंदाचा हात धरून गुंदवलीला गेले. पांढरा क्रूस, त्याला झेंडूच्या माळा, भोवती पंचवीस-तीस माणसं. मारीबाय खुर्चीवर बसली होती, तिला उभं राहवत नव्हतं. प्रार्थना संपत आली तशी तिनं मला खुणेनं पुढे बोलावलं.

"आज त्याचं नाव तू घे," ती म्हणाली.

"मारीबाय, माझ्या तोंडून निघणार नाही. परवाच त्यानं..."

"रोझीनं सांगितलं मना, शेडमधल्या बायका बोलत होत्या. म्हणून तर तू घे. माझा राग जुना झाला, त्यात काय मोठं? तुझा ताजा हाय."

सगळे थांबले होते. मला घालवलं तेव्हाचा त्याचा शांत चेहरा डोळ्यांपुढे होता. मग त्याच जागी मला माझा चेहरा दिसला, दारातल्या स्टुलावरचा. मी म्हटलं, "विठ्ठलशेठसाठी." आणखी काही सुचेना. मग आठवलं. "त्यांना खोकला नको देऊ. ऐकायला कान दे."

"आमेन," सगळे म्हणाले. कुंदाही म्हणाली.

रोझीनं चणे वाटले. मला आणि कुंदाला सगळ्यांच्या टोपलीतून दिले. वेगळी पुडी एकच निघाली होती. मारीबायनं ती माझ्या पदरात टाकली. "इथे कावळे कमी. उद्या सकाळी त्याच्याकडे पोचव."

सकाळी मी शेडच्या दारात उभी राहिले. माझ्या स्टुलावर दुसरी कुणी बसली होती, माझ्यापेक्षा तरुण. शेठ बाहेर आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुन्हा काय, बाई?"

मी पुडी पुढे केली. त्यांनी उघडून पाहिली. "कसले हे चणे?"

"तुमच्या वाट्याचे," मी म्हटलं. "दर रविवारी निघतात. तुम्ही येत नव्हतात."

ते पुडी हातात धरून उभे राहिले. त्यांना काही कळलं नव्हतं आणि मला रागवायचं होतं की रडायचं, ते मलाही कळत नव्हतं. तेवढ्यात आतून, कोपऱ्यातून, कुणीतरी खोकलं. बराच वेळ खोकत राहिलं.

शेठनी मान वळवली आणि आत पाहिलं. "कोण आहे ती?" त्यांनी स्टुलावरच्या मुलीला विचारलं. "नाव काय तिचं?"